आवाजाच्या वाटेने वीज



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहून हेडफोनच्या भोकावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. संप, बोनस, महागाई भत्ता हे आमचे नेहमीचे विषय. परंतु ज्या वस्तू कामगाराच्या हातून घडतात आणि ज्या वस्तूंमुळे पुढे कामगाराचे जीवन घडते किंवा बिघडते, त्यांचाही इतिहास असतो आणि तो आपण फारसा सांगत नाही. माझे शाळेतले शिक्षण थोडे. विजेचे जे काही ज्ञान मिळाले, ते युनियनच्या कचेरीत रात्री जमणाऱ्या वायरमन, लाइनमन आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सोबत्यांकडून व त्यांनी आणून दिलेल्या पुस्तकांतून मिळाले. तेव्हा आजचे विवेचन शास्त्रज्ञाचे म्हणून ऐकू नये. कोणतीही वस्तू पुढे आली की तिच्यामागे माणूस कोण, आणि तिची किल्ली कोणाच्या हाती, हे विचारण्याची ज्याला सवय लागली आहे, अशा कार्यकर्त्याचे ते विवेचन आहे.

मोबाइल फोनला हेडफोन लावण्यासाठी साडेतीन मिलिमीटर व्यासाचे एक गोल भोक असते. पुष्कळशा नव्या फोनांत ते आता उरलेले नाही. त्या भोकातून गाणे बाहेर यावे, एवढीच करणाऱ्यांची अपेक्षा होती. परंतु २०१० साली अमेरिकेतील काही संशोधकांनी त्यातून गाण्याऐवजी वीज बाहेर काढली, आणि त्या विजेवर मायक्रोकंट्रोलर नावाचा एक इवलासा गणकी मेंदू चालवून दाखविला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, त्यातला हा प्रकार. फरक इतकाच की हा नागोबा उपकारी निघाला. ही युक्ती कशी जमली, तिच्या मागे कोणाकोणाचे श्रम होते, आणि ती वाट पुढे बंद का होऊ लागली, हा आजचा विषय आहे.

भोकाचे कूळ

या भोकाचे कूळ शोधू गेल्यास आपण थेट १८७८ सालात जाऊन पोहोचतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८७६ साली टेलिफोन सिद्ध केला. पण दोन घरांमध्ये एक तार, या हिशेबाने शहर चालणार नव्हते; कोणालाही कोणाशीही जोडून देणारी मधली जागा हवी होती. अशी पहिली व्यापारी जागा, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज, २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन या गावी जॉर्ज कॉय यांनी उघडली. तिचे ग्राहक होते एकवीस. गाडीचे बोल्ट आणि किटलीच्या झाकणांच्या मुठी वापरून त्यांनी आपला स्विचबोर्ड बनविला, असे सांगतात. आपल्या देशात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली एक्स्चेंजे सुरू झाली.

स्विचबोर्डावर तार जोडण्याचे काम दिवसातून शेकडो वेळा करावयाचे, तर जोड झटपट लागणारा आणि पक्का हवा. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे चार्ल्स स्क्रिब्नर यांनी १८७९ च्या सुमारास जो जोड बनविला, तो मिटणाऱ्या चाकूसारखा, म्हणजे इंग्रजीतल्या ‘जॅकनाइफ’सारखा दिसे. पुढे चाकूचे रूप गेले, नाव मात्र ‘जॅक’ एवढेच उरले. लांब दोरीच्या टोकाला पाव इंच जाडीची दांडी, आणि ती बसण्यासाठी फळीवर ओळीने भोके, अशी रचना कायम झाली. दांडीच्या टोकाला ‘टिप’, मधल्या कड्याला ‘रिंग’ आणि मागल्या भागाला ‘स्लीव्ह’ म्हणत. अमेरिकेतले लाइनमन टेलिफोनच्या दोन तारांना अजूनही टिप आणि रिंग याच नावांनी ओळखतात. ही आपल्या हेडफोनच्या पिनेची पणजी होय.

या भोकांसमोर बसत असत स्त्रिया. आरंभी तारघरांतील पोरांना कामावर घेतले होते. पण ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलत. म्हणून १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टन येथे एम्मा नट या बाईंना नेमण्यात आले. त्या जगातील पहिल्या स्त्री ऑपरेटर समजल्या जातात. थोड्याच वर्षांत हे काम बायकांचेच होऊन बसले. डोक्याला कानयंत्र, समोर शेकडो भोके, दोन्ही हातांत दोऱ्या, आणि पाठीमागे देखरेख करणारी पर्यवेक्षिका, असे ते काम. आवाज गोड ठेवण्याची सक्ती. पगार मात्र बेताचा.

१९१९ सालच्या एप्रिलमध्ये या स्त्रियांनी जे केले, ते आम्हा युनियनवाल्यांना विसरता येण्यासारखे नाही. महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, अमेरिकन सरकारने टेलिफोनचा कारभार आपल्या ताब्यात घेऊन तो पोस्टमास्टर जनरल आल्बर्ट बर्लसन यांच्याकडे सोपविला होता. पगारवाढीची मागणी घेऊन गेले की कंपनी सरकारकडे बोट दाखवी आणि सरकार दाद देत नसे. अखेर ज्युलिया ओ’कॉनर यांच्या नेतृत्वाखाली न्यू इंग्लंड भागातील सुमारे आठ हजार ऑपरेटर स्त्रियांनी १५ एप्रिल रोजी दोऱ्या खाली ठेवल्या. पाच राज्यांतील टेलिफोन मुका झाला. खांबावर चढणारे पुरुष कामगारही त्यांच्या बाजूने उभे राहिले. सहा दिवसांत सरकारला वाटाघाटी कराव्या लागल्या, आणि पगारवाढ मिळाली.

पण इतिहासाचा दुसरा हात त्याच वेळी दुसरीकडे चालू होता. आल्मन स्ट्रोजर नावाच्या एका गृहस्थांनी ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या एक्स्चेंजचे पेटंट १८९१ साली घेतले होते. धंद्याने ते प्रेतसंस्काराची व्यवस्था करणारे. गावातली ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्यांना संशय होता, अशी आख्यायिका आहे. बड्या बेल कंपनीने पुष्कळ वर्षे या यंत्राकडे काणाडोळा केला, आणि १९१९ सालीच नॉरफोक या शहरापासून डायलचे फोन बसविण्यास आरंभ केला. १९२३ साली बॉस्टनच्या स्त्रियांनी पुन्हा संप केला. तो मात्र फसला. आपल्याकडे लखनौ–कानपूर या मार्गावर ट्रंक ऑपरेटरशिवाय थेट फोन लागू लागला तो १९६० साली. दोऱ्या गेल्या, हात गेले, पण भोक आणि दांडी ही जोडी मागे राहिली. ती रेडिओवाल्यांनी, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी आणि वाद्ये वाजविणाऱ्यांनी उचलली.

संदेश तीच शक्ती

आता विजेकडे वळू. आवाजाच्या तारेतून वीज घेतली, हे ऐकून ज्याला चमत्कार वाटेल, त्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तारेतून जो आवाज जातो, तो वीजच असतो. बेलच्या आरंभीच्या व्यापारी फोनला बॅटरीच नव्हती. माणूस बोले, त्याच्या आवाजाने पातळ पडदा थरथरे, पडद्याच्या थरथरीने चुंबकाशेजारच्या वेटोळ्यात किंचित वीज उत्पन्न होई, आणि तीच वीज दुसऱ्या टोकाचा पडदा हालवी. सारी शक्ती बोलणाऱ्याच्या गळ्यातली. असे बिनबॅटरीचे फोन दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकन युद्धनौकांवर वापरात होते. कारण जहाजाची वीज गेली तरी ते बंद पडत नसत.

गळ्यातली शक्ती लांबच्या अंतराला पुरेना, तेव्हा कोळशाच्या कणांचा मायक्रोफोन आला. तो स्वतः वीज उत्पन्न करीत नाही. बाहेरून आलेल्या विजेचा प्रवाह आवाजाच्या तालावर कमीजास्त करतो. त्यासाठी घरोघर बॅटऱ्या ठेवाव्या लागत, आणि त्यांची निगा राखावी लागे. १८९० नंतरच्या दशकात यावर तोड निघाली ती अशी की बॅटरी एक्स्चेंजमध्ये एकच, मोठी आणि सर्वांची मिळून ठेवावयाची, आणि बोलण्याच्याच दोन तारांतून प्रत्येक घरी वीज पाठवावयाची. पुढे या विजेचे सर्वसाधारण माप ४८ व्होल्ट ठरले. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात भारनियमनाने गावेच्या गावे तासन्‌तास अंधारात असत, तेव्हा दिवा गेला तरी जुना तारेचा टेलिफोन चालू राही, हे आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. त्याचे कारण ही सामाईक बॅटरी. संदेश आणि शक्ती एकाच तारेतून जाऊ शकतात, हा धडा तेव्हाच गिरवून झाला होता.

दुसरा धडा रेडिओने दिला, आणि त्यात आपल्या जगदीशचंद्र बोस यांचा वाटा आहे. आकाशातून आलेली रेडिओलहर तारेत जो प्रवाह उत्पन्न करते, तो सेकंदाला लाखो वेळा पुढेमागे होणारा असतो. त्याला एकाच दिशेने जाऊ देणारा कोणीतरी हवा. एकेरी रस्त्याच्या तोंडाशी जसा पोलीस उभा असतो, तसा. गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्याला तारेचे टोक टेकविले की हे काम होते, असे बोस यांनी दाखविले, आणि त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. अशा खड्यांवर चालणारे ‘क्रिस्टल सेट’ पुढे घरोघर झाले. त्यांना बॅटरी नसे, घरातल्या विजेची जोडणी नसे. दूरच्या प्रक्षेपण केंद्राने पाठविलेल्या लहरीतली शक्तीच कानयंत्र वाजवी. १९४४ साली इटलीतल्या आंझिओच्या खंदकांत अडकलेल्या सैनिकांनी तर दाढीचे पाते आणि पेन्सिलीचे शिसे वापरून असे सेट जुळविले. पुढेमागे होणाऱ्या प्रवाहाला एका दिशेला लावले की त्यातून काम करून घेता येते, हे तत्त्व येथे सिद्ध झाले. त्याच पोलिसाला आज आपण डायोड म्हणतो.

दांडी बारीक झाली

ट्रान्झिस्टर आला, रेडिओ खिशात मावू लागला, आणि पाव इंचाची दांडी त्याला अवजड झाली. तिचीच साडेतीन मिलिमीटरची लहान आवृत्ती निघाली. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा ‘वॉकमन’ विक्रीस आला, आणि ही बारीक दांडी तरुणांच्या कानांबरोबर जगभर फिरली. डावा कान, उजवा कान आणि दोघांची परतीची वाट, असे तिचे तीन भाग. मोबाइल फोनावर बोलावयाचे तर मायक्रोफोनही हवा. म्हणून चौथे कडे आले.

या चौथ्या कड्यात एक गुपित आहे. आजच्या हेडफोनांत जो इवलासा मायक्रोफोन असतो, तो ‘इलेक्ट्रेट’ जातीचा. तो १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी शोधून काढला. वेस्ट हे व्हर्जिनियात, काळ्यागोऱ्यांच्या भेदाभेदाच्या दिवसांत जन्मलेले कृष्णवर्णीय संशोधक. या मायक्रोफोनाच्या पोटातील ट्रान्झिस्टरला थोडी वीज लागते, आणि ती फोनच त्याच मायक्रोफोनच्या तारेतून पुरवितो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या सामाईक बॅटरीचेच हे बाळरूप. वीज मात्र फारच थोडी. समजा, फोन २ व्होल्टांचा दाब २ हजार ओहमच्या अडथळ्यातून देतो. तर त्यातून जास्तीत जास्त अर्धा मिलिवॅट पदरात पडेल. मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग. आपल्या घरातला दिवा १० वॅटचा असेल, तर त्याचा वीसहजारावा हिस्सा हा झाला.

संदेशाच्या तारेतून अशी मागल्या दाराने वीज घेण्याची चाल संगणकवाल्यांतही होती. १९८० च्या दशकातले माउस संगणकाच्या सीरियल पोर्टला जोडत. त्या पोर्टावर वीज पुरविणारी वेगळी तारच नव्हती. तेव्हा ‘मी तयार आहे’ अशी खूण देणाऱ्या तारांवरच्या दाबातून माउस आपले पोट भरी. १९९६ साली यूएसबी आले, आणि त्यात ५ व्होल्टांची वीज रीतसर देण्यात आली. आरंभी शंभर मिलिअँपियर, आणि उपकरणाने मागणी करून ती मंजूर झाली तर पाचशेपर्यंत. मागणी, वाटाघाट आणि मंजुरी ही पद्धत यंत्रांनीही शेवटी पत्करली, याचा आम्हांस आनंदच वाटतो.

काटकसरी मेंदू

इतक्या थोड्या विजेवर चालणार तरी काय? येथे मायक्रोकंट्रोलरची ओळख करून दिली पाहिजे. गणित करणारा भाग, स्मरणशक्ती आणि बाहेरच्या तारांशी बोलणारा भाग, हे तिन्ही एकाच चकतीवर बसविलेले यंत्र म्हणजे मायक्रोकंट्रोलर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा टीएमएस १००० हा असा पहिला नमुना १९७४ साली बाजारात आला. आज कपडे धुण्याच्या यंत्रात, विजेच्या मीटरमध्ये, मोटारसायकलीत, मुलांच्या खेळण्यांत तो बसलेला असतो. मोठ्या संगणकाचा झगमगाट त्याच्याजवळ नाही. पण दिवसरात्र निमूटपणे काम करणारा तोच.

त्याच कंपनीच्या एमएसपी ४३० या मालिकेने काटकसरीची कमाल केली. तिच्यातील एक नमुना, सेकंदाला दहा लाख ठोक्यांच्या गतीने आणि २.२ व्होल्टांवर चालत असता, सुमारे ३३० मायक्रोअँपियर प्रवाह घेतो. गुणाकार केला तर ही शक्ती पाऊण मिलिवॅटहून कमी भरते. आणि काम नसेल तेव्हा तो झोपतो. झोपेत त्याला सुमारे १.१ मायक्रोअँपियर पुरतो, म्हणजे जागेपणीच्या तीनशेवा हिस्सा. क्षणभर जागावे, मोजमाप घ्यावे, कळवावे आणि पुन्हा झोपावे, असा त्याचा दिनक्रम. झोपेच्या वेळात कपॅसिटरमध्ये थेंबे थेंबे तळे साचत असते आणि जागे होताच ते उपसावयाचे. रोजंदारीवरील कुटुंबाला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

मिशिगनची करामत

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात प्रबाल दत्ता आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० साली ‘हायजॅक’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. नावातच कोटी आहे. जॅकमधून पळविलेली वीज ती हायजॅक. मायक्रोफोनच्या तारेतील अर्ध्या मिलिवॅटवर त्यांचे भागणार नव्हते. त्यांनी हेडफोनच्या दोन कानांपैकी एक कान विजेसाठी राखून ठेवला.

रीत अशी. फोनमधील कार्यक्रम एक सूर अखंड वाजवीत राहतो. सेकंदाला २२ हजार कंपनांचा. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० हजार कंपनांची, आणि फोनच्या ध्वनियंत्रणेची २२ हजारांच्या किंचित पुढे. तेव्हा त्या दोहोंमधल्या अरुंद पट्टीत हा सूर बसविला आहे. कंपने जितकी जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो, हाही त्यात लाभ. या मुक्या सुराची वीज पुढेमागे धावणारी, आणि तिचा दाब दीड व्होल्टाच्या सेलहूनही कमी. साध्या सिलिकॉन डायोडचा पोलीसच जकात म्हणून सहासात दशांश व्होल्ट खाऊन टाकतो. मग मागे उरणार काय? म्हणून प्रथम एका इवल्या ट्रान्सफॉर्मरने दाब कित्येक पटींनी चढवावयाचा, मग कमी जकात घेणाऱ्या ट्रान्झिस्टरांकडून प्रवाह एका दिशेला लावावयाचा, आणि कपॅसिटरमध्ये साठवून तो मायक्रोकंट्रोलरला द्यावयाचा. दुसऱ्या कानातून फोन त्याच्याशी बोलतो, आणि मायक्रोफोनच्या तारेतून तो फोनला उत्तर देतो. चार कड्यांपैकी एकही रिकामे नाही.

पदरात पडले ७.४ मिलिवॅट, आणि भोकातून निघालेल्या विजेपैकी ४७ टक्के कामी आली. सगळा जुळणीचा माल दहा हजारांच्या घाऊक भावाने सव्वादोन डॉलरांच्या किंचित वर होता. ७.४ मिलिवॅट म्हणजे किती? एक लाल एलइडी पूर्ण उजेडाने लावायला सुमारे ४० मिलिवॅट लागतात. तेव्हा तोही लागणार नाही. परंतु वर सांगितलेला काटकसरी मेंदू एवढ्यात दहापट चालेल, आणि त्याच्या सोबत उष्णता, ओलावा किंवा हृदयाचे ठोके मोजणारे साधनही चालेल. हृदयाच्या स्पंदनांचा आलेख काढून त्यांनी तसे दाखविलेही.

आता कोणी विचारील की एवढा खटाटोप कशासाठी? फोनला विजेचे दुसरे भोक होतेच की! होते; पण ते दार कुलूपबंद होते. आयफोनच्या त्या जोडात उपकरण लावून विकावयाचे, तर कंपनीचा परवाना घ्यावा लागे; आणि इतर कंपन्यांच्या फोनांचे जोड तेव्हा पुष्कळदा एकमेकांना बसत नसत. हेडफोनचे भोक मात्र सर्वत्र सारखे आणि कोणाच्याही परवान्याशिवाय वापरता येणारे. स्क्रिब्नरच्या चाकूपासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने घासून गुळगुळीत झालेले ते माप आता कोणा एकाचे राहिले नव्हते. गावाच्या गायरानासारखे ते सर्वांचे झाले होते. त्यातही चौथ्या कड्याच्या जागेवरून दोन निरनिराळ्या पद्धती रूढ झाल्या, आणि फोनाफोनांत विजेचा दाब कमीजास्त असे, या अडचणी होत्याच. पण त्या हुन्नराने सोडविण्याजोग्या होत्या. त्यासाठी कोणाच्या दारात अर्ज घेऊन जावे लागत नव्हते.

गायरानावर कोण चरले?

या गायरानाचा लाभ व्यापाऱ्यांनीही घेतला. जिम मॅकेल्वी हे सेंट लुई शहरातील काचकाम करणारे कारागीर. ग्राहकाचे कार्ड स्वीकारता न आल्यामुळे त्यांचा एक सौदा हातचा गेला. त्यातून २००९ साली त्यांनी जॅक डॉर्सी यांच्यासह ‘स्क्वेअर’ ही कंपनी काढली. तिच्या आरंभीच्या कार्डयंत्राला वीज लागतच नसे. टेपरेकॉर्डरमध्ये असते तसे चुंबकीय डोके मायक्रोफोनच्या तारेला जोडलेले. कार्डाची काळी पट्टी त्यावरून हाताने ओढली की त्या हालचालीनेच वीज उत्पन्न होई, आणि फोनला ती आवाजासारखी ऐकू येई. बेलचा बिनबॅटरीचा फोन सव्वाशे वर्षांनी असा दुकानाच्या गल्ल्यावर परत आला.

परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते रवांडातले काम. गरोदर स्त्रीला एचआयव्ही किंवा उपदंश असेल, आणि वेळीच कळले, तर पोटातले मूल वाचविता येते. पण तपासणीची यंत्रे महाग, त्यांना अखंड वीज हवी, शिकलेला तंत्रज्ञ हवा. आणि आफ्रिकेतल्या खेड्यातील दवाखान्यात या तिन्हींची वानवा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील सॅम्युअल सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुठीत मावणारे एक तपासणीयंत्र बनविले, आणि २०१५ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ते हेडफोनच्या भोकाला जोडावयाचे. लागणारी वीज आणि संदेशाची ये-जा, दोन्ही त्याच भोकातून. रक्ताचा थेंब आत ओढण्यासाठी विजेचा पंप लागला असता. त्याऐवजी त्यांनी रबरी फुग्याची योजना केली. तो परिचारिकेने अंगठ्याने दाबला की निर्वात उत्पन्न होऊन द्रव पुढे सरकतो. विजेचा जो वाटा भोकाला झेपणारा नव्हता, तो माणसाच्या हाताने उचलला. रवांडातील ९६ रुग्णांवर तेथल्या आरोग्यसेवकांनीच हे यंत्र चालवून पाहिले. त्यांना शिकायला अर्धा तास पुरला, आणि निकाल पंधरा मिनिटांत हाती आला. यंत्राची किंमत अंदाजे ३४ डॉलर. तर प्रयोगशाळेतील त्याच कामाच्या यंत्राची १८ हजार डॉलरांहून अधिक.

ही तुलना मी मुद्दाम आकड्यांनी केली. ‘गरिबांसाठी विज्ञान’ हे शब्द सभांतून आपण पुष्कळ ऐकतो. त्यांचा खरा अर्थ येथे दिसतो. ज्या ठिकाणी वीज नाही, तेथे विजेची वाट पाहत बसावयाचे नाही. माणसाच्या खिशात आधीच जे आहे, त्यातील सांडलेले थेंब गोळा करून काम भागवावयाचे.

दार कोणाचे?

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपल कंपनीने आयफोन ७ काढला, आणि त्यात हेडफोनचे भोक नव्हते. आत जागा हवी, पाण्यापासून बचाव हवा, पुढचा काळ बिनतारी हेडफोनांचा आहे, ही कारणे सांगण्यात आली. ती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. तो फोन पाण्याला अधिक टिकणारा होता हे खरेच. पण त्याच दिवशी कंपनीने स्वतःचे बिनतारी हेडफोन निराळ्या किमतीला विकावयास ठेवण्याची घोषणा केली, हेही खरे आहे. मागाहून इतर कंपन्यांनी महाग फोनांतून ते भोक काढून टाकले. आपल्या देशात पुष्कळ स्वस्त फोनांवर ते अजून आहे, हे योग्यच म्हणावयाचे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हेडफोनच्या भोकातून मिलिवॅट निपटत बसण्याची आज तितकीशी गरज उरलेली नाही. यूएसबी-सी हा जोड बहुतेक सर्व फोनांना आला आहे आणि त्यातून कितीतरी अधिक वीज रीतसर मिळते. तो जोड सर्वत्र झाला, त्याला कायद्याचेही बळ मिळाले. युरोपीय संघाने कायदा केला की २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना हाच जोड पाहिजे. आयफोनही २०२३ सालीच त्या मार्गावर आला. म्हणजे जे माप पूर्वी रूढीने सर्वांचे झाले होते, ते आता लोकनियुक्त सभेने सर्वांचे करून घेतले. मला या गोष्टीचे महत्त्व फार वाटते. गायराने दोन रीतींनी टिकतात. कोणाचे लक्ष नसते तोवर आपोआप, आणि लक्ष गेल्यावर संघटित आग्रहाने.

ज्या वस्तूच्या सहा-सात पिढ्यांचा हा इतिहास मी आपणांस सांगितला, तिच्यात कोणा एका शोधकाची मालकी कोठेच दिसत नाही. कॉयच्या किटलीच्या मुठी, एम्मा नटचा आवाज, आठ हजार स्त्रियांनी खाली ठेवलेल्या दोऱ्या, बोस यांचा खडा, वेस्ट यांचा मायक्रोफोन, मिशिगनच्या मंडळींचा मुका सूर आणि रवांडातील परिचारिकेचा अंगठा, या साऱ्यांची मिळून ती वस्तू आहे. भोकाला पेटंट असेल-नसेल, पण त्यात साठलेले श्रम सर्वांचे आहेत. आणि म्हणून ते उघडे राहावे की बुजवावे हा निर्णयही केवळ विकणाऱ्याचा नसावा.

आमच्या युनियनमध्ये नवा मुलगा आला की त्याला आम्ही प्रथम कराराचा कागद वाचावयास शिकवितो. कारण आपला हक्क कोठे लिहिला आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो मागता येत नाही. यंत्रांच्या बाबतीतही हेच शिक्षण हवे आहे. हातातील फोनाला भोके किती, कोणत्या भोकातून काय जाते, कोणते सर्वांना खुले आणि कोणत्याला परवाना लागतो, हे आपल्या शाळांतून, आयटीआयतून आणि ग्रंथालयांच्या वाचनकक्षांतून शिकविले गेले पाहिजे. येथे बसलेल्या तरुणांपैकी कोणाजवळ जुना, टाकून दिलेला आणि हेडफोनचे भोक असलेला फोन असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी त्याने एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर जुळवून पाहावे. सात मिलिवॅटांनी घर उजळणार नाही. पण बंद वाटणाऱ्या वस्तूतून वाट काढता येते याचा अनुभव मात्र त्याला मिळेल, आणि तो अनुभव आलेला माणूस पुढे कोणतेही दार बंद होऊ लागले की ‘का?’ असे विचारल्यावाचून राहत नाही.